कुऱ्हाडीचा दांडा ते गिटारचा नेक

माझा पहिला नेक, म्हणजे गिटारची हातात धरायची लांब मान, हातात घेऊन काका म्हणाले होते, "कुऱ्हाडना दांडा शे का रे हाऊ?" धुळ्यात आमचं सुतारकाम. चौकटी, दारं, देव्हारे. तीन लगीनसराया मी बँडमध्ये गिटार वाजवली आणि मग ती स्वतः बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. आता या कामात उतरू पाहणारी पोरं भेटतात. त्यांचे प्रश्न बहुतेक बॉडीच्या आकाराचे आणि रंगाचे असतात. बॉडीत थोडंफार चुकलं तरी गिटार वाजते, नेकचं तसं नाही. तो अर्धा मिलिमीटर चुकला तरी वाजवणाऱ्याचा अंगठा लगेच सांगतो.

काकांचं बरोबरच होतं. तारांच्या ताणानं मोडेल या भीतीनं मी तो 26 मिमी जाड ठेवला होता. भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा. 10 नंबरच्या सहा तारांच्या सेटचा एकूण ताण 45 किलोच्या वर जातो. पण तो सांभाळायला आत लोखंडी ट्रस रॉड असतो, फिरवून घट्ट-सैल करता येणारी सळई.

आता मी जाडी पहिल्या फ्रेटला (सूर बदलायला नेकवर बसवलेली धातूची आडवी तार) 21 आणि बाराव्याला 23 मिमी धरतो. "एकदम पातळ, 17 चा कर," असं गिऱ्हाईक म्हणालं की कागदावर हिशेब मांडून दाखवतो. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवायची पट्टी, 6 मिमी, रॉडची खाच 9 मिमी, म्हणजे मागे लाकूड उरलं 2 मिमी. तेवढ्यात काचपेपर जरा जास्त फिरला की रॉड बाहेर डोकावतो. पातळ हवाच असेल तर आधी कमी खोलीचा रॉड शोधा, मग कबूल करा.

पाठीचा गोलवा डोळ्यानं जमत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून मी अर्धगोल साचे कापतो, पहिल्या फ्रेटचा एक, बाराव्याचा एक. दोन्ही ठिकाणी साचा नीट बसेपर्यंत कानस चालवायची, मग मधलं लाकूड रंध्यानं सरळ जोडून घ्यायचं. पत्रिकांना खानदेशात तोटा नाही. शेवटचा हात मात्र डोळे मिटून फिरवा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा तळव्याला लागतो.

समोरचा, म्हणजे फिंगरबोर्डचा गोलवा हे वेगळं प्रकरण. फेंडर आणि गिब्सन या अमेरिकी गिटार कंपन्या. फेंडरच्या जुन्या गिटारींची त्रिज्या 7.25 इंच, गिब्सनची 12. कमी त्रिज्येवर कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक सूर, धरायला सुख, पण तार वर ओढली की पुढच्या फ्रेटला घासून आवाज मरतो. आमच्याकडे वरातीत सोलो ओढून ओढून वाजवतात, म्हणून मी 12 च देतो.

फ्रेटच्या खाचांची मापं नेहमी नटपासून घ्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या छोट्या पट्टीपासून. 648 मिमीच्या स्केलला, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीला, 17.817 नं भागलं की पहिली फ्रेट 36.37 मिमीवर येते, आणि बारावी बरोबर मध्यावर, 324 ला. मी प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजत गेलो होतो. चूक साचत गेली आणि वरचे सूर सगळे बेसूर. तो फिंगरबोर्ड आता माझी फूटपट्टी आहे.

माझी खरी फजिती हेडस्टॉकनं, म्हणजे नेकच्या खुंट्यांच्या टोकानं केली. मला तो केळीच्या पानासारखा हवा होता, मध्ये रुंद, टोकाला निमुळता, तीन खुंट्या इकडे, तीन तिकडे. दिसायला झकास! पण मधल्या दोन तारा नटमधून निघताच तिरक्या वळायच्या आणि खाचेत अडकायच्या. गाण्यात एकदा तार ओढली की तिसरी तार सुरात परत यायचीच नाही. फेंडरनं सहाही खुंट्या एका बाजूला लावल्या, त्यात तारा नटपासून सरळ जातात हा मोठा फायदा, हे मला तेव्हा कळलं. पान मी सोडलं नाही, अरुंद केलं. आता ते केळीपेक्षा आंब्याचं जास्त वाटतं, पण तारा जवळपास सरळ जातात.

त्याच हेडस्टॉकला मी 13 अंशांचा कल दिला होता, तोही एकाच फळीतून कापून. गिटार मोटरसायकलला टेकवलेली घसरली आणि नटच्या मागे टचकन तुटली. काकांनी तुकडा उचलून बघितला. "नस आडी शे रे भो." कल कापताना लाकडाच्या रेषा तिथं तोकड्या पडतात. तेव्हापासून फळी तिरपी कापून, तुकडा उलटा करून सांधतो. बाजूनं सांध्याची रेघ दिसते आणि काहींना तो दोष वाटतो. मी ती रंगानं झाकत नाही.

लाकूड म्हणाल तर मेपल परदेशी आणि महाग, म्हणून मी जुन्या चौकटीचं वाळलेलं सागवान वापरतो. ते तेलकट असतं, चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा, नाहीतर सांधा धरत नाही. फिंगरबोर्डला शिसव, वखारीतून पावतीनिशी घेतलेलं.

पॉलिशच्या बाबतीत मी गिऱ्हाइकाशी भांडतो. देव्हाऱ्यासारखी चकाकी त्यांना नेकच्या पाठीवर हवी असते. 45 अंशांच्या मे महिन्यात घामेजलेला तळवा त्या चकाकीवर चिकटतो, सरकत नाही. मी स्वतः तसा नेक घेऊन चार तास वरातीत चाललोय. म्हणून पाठ मॅट, आणि नटवायचं ते हेडस्टॉकच्या दर्शनी बाजूला. तिथं हवी तेवढी चमक करा, शिंपल्याचं काम करा, बोटांचा संबंध नाही.

उन्हाळ्याची आणखी एक गंमत. फिंगरबोर्ड कोरड्या हवेत रुंदीला आकसतो, फ्रेटची तार आकसत नाही, मग तिची टोकं कडेनं बाहेर येऊन बोट ओरबाडतात. पावसाळ्यात बसवलेल्या फ्रेटना हा त्रास हमखास होतो. त्यामुळे फ्रेट बसवायचं काम मी मार्च-एप्रिलवर ढकलतो आणि टोकं मेमध्ये पुन्हा एकदा कानसतो. पाऊस पडला की रॉडला पाव फेरा द्यायला गिऱ्हाईक परत येतंच.

पैशाचंही सांगतो. वर्षाला तीन-चार गिटारी विकल्या जातात. घर चालतं ते फ्रेट घासून देण्यावर, नट बदलण्यावर, आणि अजूनही थोडं दारं-चौकटींवर.