अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचंय? १६ कोर्सचा हिशोब नववीतच मांडा

एनसीएए या अमेरिकी कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेच्या डिव्हिजन १ या सर्वांत वरच्या गटात पहिल्याच वर्षी मैदानात उतरायचं, तर शाळेच्या चार वर्षांत १६ कोर कोर्स (एनसीएएने मान्य केलेले मूळ शालेय विषय) पूर्ण हवेत आणि त्यांत किमान २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) हवा. शिवाय त्यांतले १० कोर्स सातवं सेमिस्टर सुरू होण्याआधी, म्हणजे बारावीत जाण्यापूर्वी, संपलेले हवेत. आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. २०१६ पासून लागू असलेली ही शेवटची अटच सगळ्यात कडक आहे. पालकांचं लक्ष मात्र बहुतेक वेळा जीपीएच्या आकड्यावरच असतं.

पूर्वी कडकपणा वेगळ्या जागी होता. १९८६ मध्ये लागू झालेल्या ‘प्रपोझिशन ४८’ने ११ कोर कोर्समध्ये २.० जीपीए आणि एसएटी या प्रवेश-परीक्षेत ७०० गुण मागितले. एकाच परीक्षेच्या गुणांवर दार बंद होत असल्याने कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतल्या मुलांना त्याचा फटका जास्त बसला. पुढे १९८९ मध्ये शिष्यवृत्तीवरही गदा आणणारा ‘प्रपोझिशन ४२’ आला, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन निषेध म्हणून सामना सुरू होण्याच्या बेतात असताना कोर्ट सोडून गेले. प्रवेश-परीक्षेची अट अखेर जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली गेली. तो निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे नियम सैल झाले असं समजू नका. आता सगळा भार रोजच्या वर्गातल्या ग्रेडवर आणि वेळेवर आहे.

१६ कोर्सची वाटणी अशी: इंग्रजी ४, गणित ३ (अल्जिब्रा १ किंवा त्यावरचं), विज्ञान २ (शाळेत प्रयोगशाळा असेल तर त्यांतला एक प्रयोगांसह), सामाजिक शास्त्रं २, या पहिल्या तीन गटांतला आणखी १, आणि उरलेले ४ याच विषयांतले किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान वगैरे. वर्षभराचा कोर्स १ युनिट, एका सेमिस्टरचा अर्धा. व्यायाम, चित्रकला, संगीत यांतला ए ग्रेड इथे धरला जात नाही.

पहिलं काम: आपल्या शाळेची एनसीएएने मान्य केलेली कोर्सयादी उघडा आणि ट्रान्सक्रिप्टवरचं (शाळेच्या गुणपत्रिकेवरचं) कोर्सचं नाव यादीतल्या नावाशी जुळतं का ते बघा. शाळेला पदवीसाठी चालणारा प्रत्येक कोर्स एनसीएएला चालतोच असं नाही. नापास विषय भरून काढायचे झटपट ऑनलाइन कोर्स इथेच अडकतात: शिक्षकाशी नियमित संपर्क, तपासलेलं काम आणि ठरलेला कालावधी नसेल तर ते नाकारले जातात. पैसे भरण्याआधी काउन्सेलरकडून मान्यतेची खात्री करून घ्या. आठवीत घेतलेला अल्जिब्रा मोजला जातो, पण हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह आला तरच.

आता गुणांचा हिशोब. ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १. प्लस-मायनस धरत नाहीत. १६ × २.३ = ३६.८, म्हणजे पूर्ण युनिटांच्या हिशोबात ३७ गुण हवेत. ११ सी आणि ५ बी मिळाले की ३७ होतात. अकरावीच्या शेवटी १० कोर्समध्ये सगळीकडे सी असेल तर हाती २० गुण आहेत. उरलेल्या ६ कोर्समध्ये १७ हवेत, म्हणजे ५ बी आणि १ सी. जमण्यासारखं आहे. पण त्या दहांत ४ डी असतील तर हाती १६, आणि उरलेल्या सहांतून २१ आणायचे: ३ ए आणि ३ बी. सातवं सेमिस्टर सुरू झाल्यावर ते दहा कोर्स पुन्हा करून ग्रेड सुधारता येत नाही. म्हणून डी असलेला कोर्स दहावी-अकरावीच्या उन्हाळ्यातच पुन्हा करा. बारावीत जागं होऊन उपयोग नाही.

दहा-सातची हीच अट उशिरा सूर सापडणाऱ्या किंवा मध्येच देश बदलून आलेल्या मुलांवर अन्याय करते, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी एक वाट आहे. १६ कोर्स पूर्ण आणि जीपीए किमान २.० असेल तर ‘अकॅडमिक रेडशर्ट’ म्हणून शिष्यवृत्ती मिळू शकते आणि पहिल्या सत्रात सरावही करता येतो. पहिलं वर्ष सामने मात्र नाहीत. दुसऱ्या सत्रात सराव चालू ठेवायला पहिल्या सेमिस्टरात ९ क्रेडिट (कॉलेजच्या अभ्यासक्रमाचं माप) पास व्हावे लागतात. डिव्हिजन २ ला २.२ पुरतो आणि दहा-सातची अट नाही. डिव्हिजन ३ मध्ये प्रत्येक कॉलेज स्वतःचे निकष ठरवतं.

पुण्या-मुंबईतून टेनिस किंवा पोहण्यासाठी जाणाऱ्यांनाही घड्याळ नववीपासूनच लागतं. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिका घरात जपलेल्या असतात, नववी आणि अकरावीच्या नसतात; त्याही शाळा-कॉलेजातून सही-शिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेवा. दहावीनंतर गणित सोडलं तर नववी-दहावी मिळून दोनच वर्षं होतात, तिसरं अडतं. सरावासाठी एक वर्ष ड्रॉप घेणं किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणं, या दोन्ही गोष्टी एनसीएएच्या पात्रता केंद्राला लेखी विचारल्याशिवाय करू नका. डिव्हिजन १ ला कोर कोर्स वेळेत, चार वर्षांत झालेले हवे असतात.

प्रवेश मिळाला की दुसरा हिशोब सुरू होतो. दर सत्रात किमान ६ क्रेडिट, दुसऱ्या वर्षाआधी २४, आणि त्यांतले १८ नियमित दोन सत्रांत. म्हणजे उन्हाळ्यावर फार टाकता येत नाही. मग तिसऱ्या वर्षाआधी पदवीचा ४० टक्के, चौथ्याआधी ६० आणि पाचव्याआधी ८० टक्के भाग पूर्ण हवा. १२० क्रेडिटच्या पदवीत हे ४८, ७२ आणि ९६ होतात. तिसऱ्या वर्षाआधी मेजरही (पदवीचा मुख्य विषय) जाहीर करावा लागतो, आणि टक्केवारी त्याच मेजरच्या पदवीत धरल्या जाणाऱ्या क्रेडिटवर निघते. ५५ क्रेडिट झालेल्या मुलीने इंजिनिअरिंगकडे वळायचं ठरवलं आणि नव्या पदवीत त्यांतले ४० च धरले गेले, तर ती ४८ च्या खाली येते आणि तिला सामन्यांबाहेर बसावं लागतं. यामुळे खेळाडू सोप्या मेजरकडे ढकलले जातात हा आक्षेप आम्हाला पटतो. उपाय एकच: पहिल्या वर्षीचे सामाईक कोर्स मनातल्या सर्वांत अवघड मेजरला चालतील असेच निवडा. अवघड मेजरमधून सोप्यात जाताना क्रेडिट सहसा कमी बुडतात. बदलाच्या अर्जावर सही करण्याआधी खेळ विभागाच्या अ‍ॅडव्हायझरकडून नव्या मेजरची टक्केवारी लेखी काढून घ्या, तोंडी नको.