इंग्लंडमधील व्यवसायाचे पाणीबिल कसे वाचावे

इंग्लंडमध्ये उपाहारगृह किंवा दुकान चालवणाऱ्या आपल्या माणसाने पाण्याचे बिल फार येते अशी तक्रार केली, की त्याला हमखास एकच सल्ला मिळतो : कंपनी बदला. छोट्या व्यवसायांचे हिशेब लिहिताना मी हा सल्ला इतक्या वेळा ऐकला आहे, की आता त्यावर सभ्यपणे मान डोलावणेही मला जमत नाही. एप्रिल २०१७ पासून येथील व्यावसायिक ग्राहकाला बिल पाठवणारी कंपनी निवडता येते, हे खरे आहे. पण पाणी आणि सांडपाणी दोन्ही त्या त्या भागातील मूळ जलकंपनीच्याच नळांतून वाहतात आणि बिलातील बहुतेक रक्कम तिच्या घाऊक दरांनी ठरते. बिल पाठवणारी कंपनी मीटर वाचते, हिशेब करते आणि पैसे गोळा करते. त्यामुळे तिला बदलून हाती लागते ते थोडेच. खरी गळती बहुधा बिलाच्या सांडपाण्याच्या भागात असते आणि तो भाग कोणी वाचतच नाही.

प्रथम बिलावरील ‘स्पिड’ क्रमांक, म्हणजे पुरवठ्याच्या जागेची ओळख सांगणारे क्रमांक, शोधावेत. अंकांच्या मध्ये इंग्रजी ‘डब्ल्यू’ असलेला क्रमांक पाण्याचा आणि ‘एस’ असलेला सांडपाण्याचा. जागेचे सांडपाणी स्वतःच्या सेप्टिक टँकमध्ये जात असेल आणि तरीही ‘एस’चा क्रमांक दिसत असेल, तर तेथेच थांबून विचारणा करावी.

नंतर मीटर पाहावे. बिलावरील आकडा प्रत्यक्ष वाचलेला आहे की अंदाजाचा, हे त्याच्या शेजारीच लिहिलेले असते. सलग दोन बिले अंदाजाची असतील तर स्वतः वाचून आकडा कळवावा. काळे अंक घनमीटरचे असतात, म्हणजे प्रत्येकी हजार लिटरचे, आणि तेवढेच कळवायचे असतात. फुटपाथवरील झाकण स्क्रूड्रायव्हरने उचलून, चिखल पुसून, मोबाइलच्या उजेडात एका मालकाने लाल अंकही ओळीने लिहून पाठवले होते. पुढच्या बिलात त्याच्या छोट्याशा उपाहारगृहाने तलावभर पाणी वापरलेले निघाले.

स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरावीक रक्कम, सहसा मीटरच्या आकारमानावर ठरतो. जागेच्या गरजेपेक्षा मीटर मोठे वाटत असेल तर विचारून पाहावे. उपाहारगृहाच्या पाण्यावर व्हॅट शून्य दराने लागतो, परंतु फराळाचे पदार्थ बनवणारा कारखाना उद्योगांच्या वर्गवारीत मोडत असल्यामुळे त्याच्या पाण्यावर २० टक्के लागतो. नोंदणी चुकीची असल्यास ती लगेच दुरुस्त करून घ्यावी.

आता सांडपाणी. ते कोणी मोजत नाही. आत आलेल्या पाण्याचा ठरावीक हिस्सा गटारात परत गेला असे धरले जाते आणि त्यालाच बिलावर ‘रिटर्न टू सीवर’ म्हणतात. हा हिस्सा ९५ टक्के असेल आणि मीटरवर २०० घनमीटर वापर झाला असेल, तर सांडपाण्याचा आकार, म्हणजे शुल्क, १९० घनमीटरवर लागतो. नेहमीच्या स्वयंपाकघराने यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. मात्र ज्यांचे पाणी मालातच जाते किंवा वाफ होऊन उडते, त्यांनी पुराव्यासह हिस्सा कमी करून मागावा. जमिनीखालची नळी फुटली असेल, तर मीटरमधून गेलेले ते पाणी गटारात पोचलेलेच नसते. तेव्हा नळी दुरुस्त केल्याची पावती जोडून सांडपाण्याच्या आकारात सूट मागावी.

मला स्वतःला ज्या ओळीने सर्वाधिक दमवले, ती ‘सरफेस वॉटर ड्रेनेज’ची. हा आकार तुम्ही वापरलेल्या पाण्याचा नसून तुमच्या छपरावर आणि फरसबंदीवर पडून गटारात जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा असतो. युनायटेड युटिलिटीज आणि सेव्हर्न ट्रेंट या जलकंपन्यांच्या भागांत व्यावसायिक जागांसाठी तो क्षेत्रफळाच्या गटावर, म्हणजे जागा किती चौरस मीटरच्या टप्प्यात बसते त्यावर, ठरतो. म्हणजे नळ महिनाभर बंद ठेवला तरी ही ओळ हलत नाही. पाणी जपून वापरण्याचे सल्ले येथे निरुपयोगी आहेत.

मी हिशेब पाहत असलेले एक उपाहारगृह पाच दुकानांच्या ओळीत होते आणि मागे सर्वांचा मिळून एक वाहनतळ होता. दोन वर्षे मी मीटर तपासले, संडासांच्या टाक्या तपासल्या, मालकाला भांडी धुण्यावरून बोलही लावले. चूक होती ती गटात : अख्खा वाहनतळ या एकट्या उपाहारगृहाच्या नावावर धरला होता. मधल्या काळात आम्ही बिलाची कंपनीही बदलली होती, आणि चुकीचा गट निमूटपणे नव्या बिलावर आला, कारण ही नोंद बिल पाठवणाऱ्याची नसून बाजाराच्या मध्यवर्ती नोंदणीत असते आणि ती मूळ जलकंपनीच्या सांगण्यावरूनच बदलते.

म्हणून गट तपासताना अंदाज करू नये. जागा स्वतःची असेल तर लँड रजिस्ट्री या सरकारी जमीननोंदणी कार्यालयाकडून काही पौंडांत टायटल प्लॅन, म्हणजे मालकीच्या जागेचा नकाशा, मिळतो. भाड्याची असेल तर भाडेकराराला जोडलेला नकाशा काढावा. दोन्हींत आपली हद्द बहुधा लाल रेषेने दाखवलेली असते. त्या रेषेच्या आतील क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढावे आणि मूळ जलकंपनीच्या दरपत्रकातील गटाशी ताडून पाहावे. हिरवळ किंवा मातीची जागा वजा होते का, हेही त्याच दरपत्रकात वाचावे. सामायिक वाहनतळ असेल तर घरमालक सामायिक खर्चापोटी घेतो त्या सर्व्हिस चार्जचा तपशील अवश्य मागावा. एकाच वाहनतळाच्या पावसाचे पैसे दोनदा भरणारे लोक मी पाहिले आहेत.

पावसाचे पाणी गटारात न जाता सोकअवेमध्ये, म्हणजे जमिनीतील शोषखड्ड्यात, मुरत असेल तर हा आकार माफ होऊ शकतो. पण ‘आमच्याकडे खड्डा आहे’ एवढे सांगून भागत नाही. पन्हळीच्या पाइपात ड्रेन डायचा रंग आणि बादलीभर पाणी ओतावे, अंगणातील मॅनहोलचे झाकण उघडून रंग दिसतो का ते पाहावे आणि फोटो काढावेत. एका आचाऱ्याने मला हळद वापरायला सुचवले होते. ती गाळात बसते, तेव्हा रंगच वापरावा. छपराला चार पाइप असतील तर चारही तपासावेत, कारण एक जरी गटाराला जोडलेला निघाला तरी पूर्ण माफीचा दावा कोसळतो.

गट दुरुस्तीचा किंवा माफीचा अर्ज बिल पाठवणाऱ्या कंपनीमार्फतच जातो. नकाशा, क्षेत्रफळाचे गणित, फोटो आणि ‘एस’चा स्पिड क्रमांक एकाच ईमेलमध्ये पाठवावा, फोनवर मिळालेल्या आश्वासनावर विसंबू नये. मागील किती काळाचा परतावा मिळतो, याचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी अर्जाची तारीखच धरली जाते, म्हणून वर्षअखेरीची वाट पाहू नये. कंपनीच्या तक्रारप्रक्रियेतून काही निष्पन्न झाले नाही, तर कन्झ्युमर काउन्सिल फॉर वॉटर या पाणीग्राहकांच्या संस्थेकडे जाता येते.

मंडळाचे सभागृह किंवा मंदिर चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी : २०१० च्या पूर आणि जलव्यवस्थापन कायद्याने सामुदायिक संस्थांना पावसाच्या पाण्याच्या या आकारात सवलत देण्याची मुभा जलकंपन्यांना दिली आहे. ती सर्वत्र मिळत नाही आणि मागितल्याशिवाय तर मिळतच नाही.

‘ट्रेड एफ्लुएंट’ ही ओळ कारखान्यांच्या सांडपाण्याची आहे. साध्या उपाहारगृहाच्या बिलावर ती दिसली तर स्पष्टीकरण लेखी मागावे.

दुरुस्त गट बिलावर उमटल्यानंतर कंपनी बदलायची असेल तर खुशाल बदलावी, आणि नव्या कंपनीचे पहिले बिल आले की रकमेच्या आधी तो गट वाचावा.