मुलांसाठी घरचे स्नॅक बार: भुगा न होणारे, दगड न होणारे

घरी केलेल्या स्नॅक बारबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे कापताना त्यांचा भुगा होतो. बहुतेक वेळा त्यामागे एकच कारण असतं. मुलांना इतकं गोड नको म्हणून पाककृतीतला मध किंवा सिरप परस्पर अर्ध्यावर आणलेलं असतं. हेतू योग्यच आहे, पण बारमधला गोड पदार्थ चवीइतकंच चिकटवण्याचंही काम करतो. तो कमी केला की ओट्स आणि दाण्यांना धरून ठेवायला काही उरत नाही. म्हणून गोड कमी करायचं असेल तर त्याच्या जागी धरून ठेवणारं दुसरं काहीतरी घालावं लागतं. खालची सगळी प्रमाणं याच हिशोबाने दिली आहेत.

धरून ठेवायला काय काय चालतं? वाटलेला खजूर, पीनट बटर किंवा बदामाचं बटर, अंड्याचा पांढरा भाग, भिजवलेली जवसाची पूड किंवा चिया. आणि सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे बारीक केलेले ओट्स. एकूण ओट्सपैकी तिसरा हिस्सा मिक्सरमध्ये जाडसर भरडला, की ती भरड मोठ्या दाण्यांमधल्या फटी भरून काढते आणि तेवढ्याच खजुरात बार कितीतरी घट्ट बसतो.

न भाजता होणारा खजुराचा बार

सुरुवात इथूनच करावी. २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनसाठी हे साहित्य लागतं आणि त्यात साधारण ३५ ग्रॅमचे १६ बार होतात:

बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम
रोल्ड ओट्स १५० ग्रॅम
शेंगदाणे किंवा बदाम ७५ ग्रॅम
भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया मिळून ४० ग्रॅम
तीळ २० ग्रॅम
बिनसाखरेचं पीनट बटर ८० ग्रॅम
मीठ पाव चमचा
लागलंच तर कोमट पाणी १ ते २ मोठे चमचे

वाटीने मोजण्यापेक्षा वजनकाटा वापरा. खजूर वाटीत किती दाबून भरला यावर त्याचं वजन सहज बदलतं, आणि या कृतीत सगळी भिस्त खजुरावरच आहे.

आधी ओट्स भाजून घ्या. ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर १२ ते १५ मिनिटं लागतात, मधे एकदा हलवायचे. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ७-८ मिनिटांत काम होतं, पण हात थांबवायचा नाही. रंग जेमतेम बदलतो, वास मात्र खरपूस यायला लागतो. ही पायरी गाळू नका. भाजल्याने चव तर येतेच, शिवाय ओट्समधला ओलावा जातो. कच्चे ओट्स घातलेला बार दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो. शेंगदाणे आणि बिया वेगळ्या भाजा, कारण तीळ एक-दोन मिनिटांत तडतडतात आणि शेंगदाण्यांना बराच जास्त वेळ लागतो. सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरमध्ये फिरवले तर त्यांना तेल सुटतं.

खजूर हातात घेऊन बोटांनी चेपून बघा. सहज दबला तर तसाच वापरा. कडक असेल तर कढत पाण्यात १० मिनिटं भिजवा, निथळा आणि मुठीत दाबून पाणी काढून टाका. पॅकेटवर बिया काढलेल्या आहेत असं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून बघा. अधूनमधून एखादी बी किंवा तिचा तुकडा राहतोच, आणि तो मुलाच्या दाताखाली येता कामा नये.

आता खजूर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. आधी त्याचे बारीक तुकडे भांड्याच्या कडांना चिकटतात, ते खाली सारायचे. थोड्या वेळाने पात्याभोवती एक गोळा फिरायला लागतो. गोळा दिसला की थांबा. गोळा होतच नसेल तर एकेक चमचा कोमट पाणी घाला, एकदम ओतू नका.

५० ग्रॅम ओट्स भरडून बाकीच्या ओट्समध्ये मिसळा. दाणे जाडसर कुटून घ्या. मोठे, अख्खे दाणे बारमध्ये दिसायला छान दिसतात, पण सुरी नेमकी त्यांच्यावर अडते आणि बार तिथेच तुटतो. मटाराच्या दाण्याहून मोठा तुकडा ठेवू नका. पीनट बटर फार घट्ट असेल तर त्याचा डबा गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. मग खजूर, पीनट बटर आणि मीठ एकत्र मळून त्यात कोरडं साहित्य घाला. चमच्याने हे नीट मिसळत नाही, हातानेच मळावं लागतं. हात किंचित ओले ठेवले तर चिकटत नाही.

टिनमध्ये भरण्याआधी मुठीची परीक्षा घ्या. मूठभर मिश्रण घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा अखंड राहिला आणि त्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले तर जमलं. कडा ढासळल्या तर आणखी एक चमचा पीनट बटर किंवा अर्धा चमचा पाणी घाला. तळहाताला चिकटून सुटत नसेल तर ओट्सची भरड दोन चमचे वाढवा. दुरुस्ती करायची ती इथेच. एकदा थापून फ्रीजमध्ये गेलेलं मिश्रण सुधारता येत नाही.

टिनला बटर पेपर लावताना दोन बाजूंनी तो बाहेर येऊ द्या, म्हणजे अख्खी लादी उचलून काढता येते. मिश्रण पसरून वर दुसरा कागद ठेवा आणि सपाट तळाच्या वाटीने, शरीराचा भार देऊन दाबा. मध्यापासून कडेकडे जा, मग कोपरे, मग पुन्हा मध्य. पूर्ण दोन मिनिटं दाबत राहा. बार सुटे होण्याचं गोड कमी करण्याखालोखाल मोठं कारण म्हणजे हे दाबणं घाईत उरकणं. मुलांना स्वयंपाकघरात घ्यायचं असेल तर हे काम त्यांना द्या, आवडीने करतात. शेवटचा जोर मात्र मोठ्यांनीच लावायचा.

फ्रीजमध्ये किमान दोन तास ठेवा. मग लादी पाटावर काढून लांब पात्याच्या सुरीने सरळ खाली दाबत कापा. करवतीसारखी पुढेमागे फिरवली की दाणे उपटून निघतात. आधी मधोमध एक काप, मग प्रत्येक अर्ध्याचे आठ भाग. असा एक बार १० सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद होतो. त्यात साधारण १५० कॅलरी आणि पावणेपाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दोन जेवणांच्या मधल्या वेळेला मुलाला एक बार पुरतो.

साखरेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. खजुराच्या वजनाच्या साधारण ६५ टक्के साखरच असते, म्हणजे या एका बारमध्ये खजुरातून ८ ग्रॅमच्या आसपास साखर जाते. तिच्याबरोबर तंतू येतात आणि दाण्यांमुळे पोटही भरतं, त्यामुळे नुसत्या गोड बिस्किटांपेक्षा हा बार नक्कीच उजवा. पण ‘साखर नाही’ म्हणून दिवसाला तीन द्यावेत असा तो पदार्थ नाही. मधाबद्दलही एक गैरसमज असतो. जागतिक आरोग्य संघटना मध आणि सिरप यांना वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरते, आणि ही सगळी साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्य झाल्यास ५ टक्क्यांपेक्षाही कमी ठेवायला सांगते. खजूर आणि मध दोन्ही दातांना चिकटतात, म्हणून बार खाल्ल्यावर पाणी प्यायला लावा.

भाजलेला, चावायला खुसखुशीत बार

याच टिनसाठी ओट्स २०० ग्रॅम, बिया आणि कुटलेले दाणे मिळून १०० ग्रॅम, बारीक चिरलेला सुका मेवा ६० ग्रॅम, मध १०० ग्रॅम, पीनट बटर १०० ग्रॅम, लोणी किंवा तेल ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ. मध, पीनट बटर आणि लोणी मंद आचेवर पातळ होईपर्यंतच गरम करा, दोन मिनिटं पुरतात. उकळू देऊ नका. उकळताना मधातलं पाणी उडत जातं, आणि जितकं जास्त उडेल तितका बार गार झाल्यावर कडक. मधाचा पाक ११५ ते ११८ अंशांपर्यंत गेला तर बार चिवट होतो, १४५च्या पुढे गेला तर काचेसारखा तडकतो. दूधदात हलत असलेल्या मुलांना असा बार नको.

कोरडं साहित्य मिसळून टिनमध्ये नेहमीसारखंच घट्ट दाबा. वर आलेले मनुके आत ढकला, नाहीतर ते जळून कडू होतात. १६० अंशांवर २० ते २२ मिनिटं भाजा. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून थोडा मऊ वाटत असला तरी बाहेर काढा, गार होताना तो आवळतो. टिन बाहेर आल्या आल्या उलथण्याने एकदा सगळीकडून पुन्हा दाबा. मग तासभर हात लावू नका आणि त्यानंतर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गरम असताना कापलेला बार हमखास तुटतो, कारण तोवर मध पातळच असतो.

मध आणखी कमी करायचा असेल तर एका अंड्याचा पांढरा भाग फेसून घाला आणि मध ६५ ग्रॅमवर आणा. अंड्यातली प्रथिनं भाजताना घट्ट होतात आणि दाणे धरून ठेवतात. मधाचं गरम मिश्रण कोमट झाल्यावरच अंडं घाला, नाहीतर ते तिथेच शिजून त्याच्या गुठळ्या होतात.

वय आणि ॲलर्जी

एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, भाजलेल्या बारमधलासुद्धा नाही. मधात बोटुलिझम हा गंभीर आजार करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या ओव्हनच्या उष्णतेने ते मरत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे किंवा जाड तुकड्यांचे दाणे देऊ नका, घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी दाण्यांची पूड करा, बियाही भरडून घाला, बार एक सेंटिमीटर जाडीचा थापा आणि बोटाएवढे तुकडे कापा. खाताना मूल बसलेलं असावं आणि जवळ कुणीतरी मोठं माणूस असावं.

वर्गात कुणाला दाण्यांची ॲलर्जी असेल तर शेंगदाणे, बदाम आणि त्यांची बटरं पूर्ण काढून टाका. त्याऐवजी सूर्यफुलाच्या बियांचं बटर तितक्याच वजनाने आणि दाण्यांच्या जागी भोपळ्याच्या बिया घाला. मिक्सरचं भांडं आणि पाटही आधी स्वच्छ धुवा. तिळाचीही ॲलर्जी असते, म्हणून तीळ सुरक्षित असं गृहीत धरू नका. आणखी एक बारकावा आहे. भाजायच्या मिश्रणात सूर्यफुलाच्या बिया आणि खायचा सोडा एकत्र आले तर गार झाल्यावर बार आतून हिरवट दिसू शकतो. बियांमधल्या क्लोरोजेनिक ॲसिडची सोड्याशी ही प्रक्रिया होते. ती बुरशी नव्हे, खायला हरकत नाही. या कृतींमध्ये सोड्याची गरजच नाही.

काय घालू नये

ताजी फळं न भाजलेल्या बारमध्ये नकोत. त्यांच्या पाण्याने दोन दिवसांत बुरशी येऊ शकते. केळं घालायचं तर फक्त भाजलेल्या बारमध्ये, आणि तो फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवायचा. प्रोटीन पावडर मुलांच्या बारमध्ये घालायची काही गरज नाही. शिवाय ती ओलावा शोषून बार खडूसारखा कोरडा करते. जवस अख्खं घातलं तर बरंचसं तसंच शरीराबाहेर पडतं, म्हणून पूड करून घाला, पण लागेल तेवढीच. ही पूड लवकर खवट होते.

चॉकलेट घालायचं असेल तर ४० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून, मिश्रण हाताला गार लागल्यावरच मिसळा. गरम मिश्रणात ते वितळून सगळीकडे पसरतं आणि दाताखाली तुकडा येण्याची मजा जाते.

मळताना कडेला तेल सुटायला लागलं तर दाणे जास्त वाटले गेलेत किंवा पीनट बटर जास्त तापलंय. अशा वेळी एक-दोन चमचे ओट्सची भरड घाला आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या, तेल शोषलं जातं. कुरकुरीतपणासाठी घातलेले राइस पफ दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, कारण खजुरातला ओलावा हळूहळू त्यांच्यात शिरतो. हे पूर्ण टाळता येत नाही. आधी पफना पीनट बटर चोळून घेतलं तर एखादा दिवस जास्त टिकतात.

साठवण

प्रत्येक बार बटर पेपरमध्ये वेगळा गुंडाळा, नाहीतर एकमेकांना चिकटून पुन्हा एकच लादी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी खजुराचा बार तीन-चार दिवस राहतो, फ्रीजमध्ये दहा दिवस आणि फ्रीजरमध्ये दोन महिने. भाजलेला बार बाहेर आठवडाभर चांगला राहतो, पण हवा दमट असेल तर दोन दिवसांतच सादळतो. तसं झालं तर १५० अंशांवर ५ ते ७ मिनिटं गरम करून पूर्ण गार करा, पुन्हा खुसखुशीत होतो. खवट वास आला तर मात्र बार टाकूनच द्यायचा. डब्यात द्यायचा बार सकाळी थेट फ्रीजरमधून काढून ठेवला तरी चालतो, मधल्या सुट्टीपर्यंत तो आपोआप मऊ झालेला असतो.