415 गुणिले 1.8 : बरोबर आलेलं चुकीचं उत्तर

ओहमचा नियम तुम्हाला येतो असं धरून चालतो. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर. मलाही येत होता. जरा जास्तच येत होता म्हणा, तिथंच घात झाला.

इस्त्री घ्या. 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर 4.35 अँपिअर ओढते. भागाकार केला की 53 ओहम. प्लग काढून गार इस्त्रीच्या पिनांना मल्टीमीटर लावा, जवळपास तेवढाच आकडा येतो, कारण नायक्रोमचा (इस्त्रीतल्या तापणाऱ्या तारेचा मिश्रधातू) रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही. जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब मात्र पेटलेला असताना 529 ओहमचा असतो आणि गार असताना चाळीसच्या आसपास. म्हणून हिशोब चालू स्थितीतल्या व्होल्टेज-करंटवरून करायचा. एवढं लक्षात ठेवा आणि पुढं चला. मला खाल्लं ते बल्बनं नाही.

आयटीआय संपवून मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका वस्तादाच्या हाताखाली लागलो. पहिल्याच महिन्यात टॉवेलच्या एका कारखान्यात गेलो. 24 माग, प्रत्येकाला 1 एचपीची (हॉर्सपॉवर) थ्री फेज मोटर. वस्ताद चहाला गेलेले. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. ते म्हणाले, "तू शिकलेला आहेस, रोजचे युनिट किती पडतील सांग की."

मी एका मोटरच्या वायरला टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावला. 1.8 अँपिअर. व्होल्टेज 415. गुणाकार केला, 747. आणि 1 एचपी म्हणजे 746 वॅट! एका वॅटचा फरक. असं उत्तर आल्यावर कोण पुन्हा तपासतो? 24 मोटरी, आठ तास, 143 युनिट. कांड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं, खाली सहीसुद्धा ठोकली.

आठवड्याने अण्णांनी रीडिंग दाखवलं. रोजचे 200 च्या घरात. मी छातीठोकपणे सांगितलं, "मीटर पळतोय." अण्णांनी फी भरून मीटर तपासून घेतला. मीटर ठणठणीत निघाला. वस्तादांनी पुठ्ठा वाचला आणि एवढंच म्हणाले, "मोटर म्हंजे इस्त्री नव्हं बे."

आता हे सावकाश वाचा. थ्री फेजला लाइन व्होल्टेज (दोन फेजमधलं) आणि लाइन करंटचा (एका वायरमधला) गुणाकार 1.732 ने गुणावा लागतो. 747 चे झाले 1294. पण हे वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, म्हणून पॉवर फॅक्टर लावायचा, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती तो भाग. पूर्ण लोडवर तो 0.8 धरा. झाले 1035 वॅट. मीटर हेच मोजतो. आणि नेमप्लेटवरचा 1 एचपी? तो आत जाणाऱ्या विजेचा नसतोच, शाफ्टवर मिळणाऱ्या कामाचा असतो. 1035 आत गेले, 746 बाहेर आले, म्हणजे कार्यक्षमता 72 टक्क्यांच्या आसपास. उरलेले 289 वॅट उष्णता होऊन जातात. मे महिन्यात सोलापुरात मोटरच्या अंगाला हात लावा, कुठं गेले ते कळेल.

आता 1.732, 0.8 आणि 0.72 यांचा गुणाकार करून बघा. जवळजवळ 1 येतो. मी तिन्ही गोष्टी विसरलो आणि तिघींनी मिळून एकमेकींना झाकलं! लहान मोटरींवर हा योगायोग पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून तो इतका चिवट आहे. "एचपीला पावणेदोन-दोन अँपिअर" हा वस्ताद लोकांचा ठोकताळाही तिथूनच येतो. केबल निवडायला, रिले (जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा) अंदाजे लावायला तो चालतो. बिलाला चालत नाही. आणि का चालतो हे न सांगता नुसता आकडा फेकणारा वस्ताद असेल तर त्याच्याकडून हात शिका, गणित दुसरीकडे शिका. ओहमच्या नियमासाठी शिकवतात त्या, V, I, R लिहून बोटाने अक्षर झाकायच्या त्रिकोणावरही माझा राग आहे. तो इस्त्रीपुरता ठीक, पण कुठं थांबायचं ते सांगत नाही.

माझी चूक उघडी पाडायला पाच मिनिटं पुरली असती. पुढं मी मेन बंद करून एका मोटरचा पट्टा उतरवला आणि ती नुसती फिरवली. टाँग टेस्टर 1.1 अँपिअर दाखवत होता. माझ्या गुणाकाराने 456 वॅट, आणि काम तर शून्य! रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर फार खाली असतो, करंट दिसतो पण त्यातले वॅट थोडेच. दुसरी युक्ती : मीटर थेट जोडलेला असेल आणि त्यावर एका युनिटला 800 इंपल्स (दिव्याचे ब्लिंक) लिहिलं असेल, तर एकच मोटर चालू ठेवून ब्लिंक मोजा. 1035 वॅटला मिनिटाला साधारण 14 येतात.

तसंच, मोटरच्या व्होल्टेजला करंटने भागून त्याला वाइंडिंगचा रेझिस्टन्स म्हणू नका. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) एका फेजचे 240 व्होल्ट भागिले 1.8 म्हणजे 133 येतात, पण तो इंपिडन्स आहे, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण अडथळा. सप्लाय तोडून ओहम मोजलात तर फारच कमी निघतील. तेव्हा मोटर शॉर्ट झाली म्हणून घाबरू नका. मी घाबरलो होतो, चांगली मोटर रिवाइंडिंगला पाठवणार होतो.

गणित अवघड नाही, खरंच नाही. गुणाकाराच्या पलीकडे त्यात काही नाही. अण्णांनी तपासणीची फी माझ्याकडून घेतली नाही. पुठ्ठा मात्र मीटरच्या पेटीवर खिळ्याला लावून ठेवला, सहीसकट. अजून गेलो की विचारतात, "काय बे, मीटर पळतोय का?"