रविवारच्या उपासनेसाठी गीते कशी निवडावीत आणि कशी बसवावीत

उपासनेत प्रार्थना बहुधा पाळक करतात, शास्त्रवाचन एखादी व्यक्ती करते आणि उपदेश सगळे ऐकतात. संपूर्ण मंडळी एका तोंडाने देवाशी बोलते ती मुख्यतः गाण्यातच. त्यामुळे गीत निवडताना चालीच्या आधी हे पाहावे की, उपासनेच्या त्या टप्प्यावर मंडळीने देवाला काय म्हणायचे आहे. पौलाने करिंथकरांना आत्म्याने आणि बुद्धीनेही गाईन असे लिहिले, त्यातली ‘बुद्धीनेही’ ही अट मला फार मोलाची वाटते.

शास्त्रभाग आणि उपदेशाचा विषय पाळकांकडून बुधवारपर्यंत मागून घ्यावा. आरंभी स्तुतीचे, सर्वांना पाठ असलेले गीत ठेवावे. पापकबुलीनंतर लगेच ढोलकीवरचे गाणे घेऊ नये. तिथे संथ लयीची दोन कडवी पुरेत. प्रभुभोजनाच्या वेळी मत्तय 26:30 लक्षात ठेवावे: शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य गीत गाऊनच जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. अर्पणगीत दान गोळा होण्याच्या वेळेत बसेल एवढेच असावे.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये आले आणि मिशनरी काळात पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते मराठी मंडळ्यांत रुळली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनांच्या घाटात ख्रिस्ताला गायले. ‘उपासना संगीत’ या एकाच पुस्तकात हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी आहेत, पण बसवताना दोघांना वेगळी वागणूक द्यावी लागते. भाषांतरित गीतात चालीचा आघात कधी मराठीच्या ऱ्हस्व अक्षरावर पडतो आणि शब्द ओढला जातो. म्हणून आधी ते कडवे चालीविना मोठ्याने वाचून घ्यावे, अर्थ तुटतो तिथे श्वास घेऊ नये. भजनाच्या बाबतीत ही अडचण क्वचितच येते. आपल्या परिसरातल्या गावोगावच्या भजनी मंडळांमुळे केरवा तालाच्या आठ मात्रा लोकांच्या कानात आधीच असतात.

पट्टीकडे, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कोणत्या स्वरावर धरायचा याकडे, सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण बहुतेक उपासना तिथेच बिघडतात. एका नाताळला मी हौसेने काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) धरली. पहिले कडवे दणक्यात झाले, दुसऱ्याच्या अंतऱ्याला पुरुष गप्प झाले आणि शेवटच्या बाकावरच्या आजींनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. तेव्हापासून मी गाण्याचा सर्वांत वरचा स्वर आधी शोधतो आणि तो मंडळीतल्या साध्या, न शिकलेल्या आवाजाला न ताणता लागेल अशी पट्टी ठरवतो. मिश्र मंडळीला बहुतेक गीते काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास सोयीची पडतात. काळी एकला लावलेला तबला काळी तीनच्या गाण्यात पंचम (‘प’) म्हणून आणि काळी चारच्या गाण्यात मध्यम (‘म’) म्हणून चालतो. हे ध्यानात ठेवून गीतांचा क्रम लावला तर भर उपासनेत हातोडी ठोकण्याची वेळ येत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तबल्याची पुडी (वरचे चामडे) दमटपणाने उतरते, म्हणून जून ते सप्टेंबर तबलजींनी अर्धा तास आधी यावे.

सरावात गायकवृंदाला मंडळीच्या आवाजापेक्षा वर चढू देऊ नये. पेटीवाल्याने मुखडा वाजवून स्पष्ट थांबावे, म्हणजे सर्वांना एकत्र उचलता येते. शेवटच्या कडव्याला पेटी आणि तबला दोन्ही बंद करून पाहावे. मंडळी गात असेल, तर निवड बरोबर होती.

दफनविधीची तयारी निराळी करावी. तिथे वाद्ये नसली तरी चालते, पण ठाय (संथ) लयीत आणि नेहमीपेक्षा दोन सूर खाली धरून उचलणारी एक स्थिर आवाजाची व्यक्ती हवी, कारण रडून जड झालेल्या गळ्यांना वरचा स्वर लागत नाही.