टॅक्स झिरो आहे म्हणून रिटर्न भरत नाही? थांबा काका

आमच्या लोकमान्य नगरात जून लागला की कोणी ना कोणी काका पिशवीत पासबुकं घेऊन दारात उभे असतातच आणि यंदा सगळ्यांचं एकच पालुपद, "अरे बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना, मग रिटर्न कशाला?" इंदुरात सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर पण हेच ऐकू येतं. गडबड तिथेच होते.

हे सगळं आर्थिक वर्ष २०२५-२६ चं सांगतोय. नव्या रेजीममधे, म्हणजे टॅक्स मोजायच्या नव्या पद्धतीत, खरं माफ फक्त पहिले ४ लाख. त्यापुढे टॅक्स लागतो आणि मग कलम ८७ए चा रिबेट, म्हणजे टॅक्समधली सूट, जास्तीत जास्त ६० हजार, तो पुसून टाकतो. म्हणजे टॅक्स आधी लागतो, मग उडतो, आणि ४ लाखांच्या वर गेलात की रिटर्न भरायचंच, शेवटी शून्य आलं तरी.

आता एक काका धरा, वय ६८, पेन्शन ७ लाख २० हजार, एकाच बँकेत एफडी, तिचं व्याज २ लाख १० हजार. पेन्शनमधून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं की उरले ८ लाख ५५ हजार, त्यावर टॅक्स २५,५००, रिबेटने सगळा साफ. पण बँकेने काय केलं, सिनियरचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं म्हणून १० टक्के कापून घेतले, झाले २१ हजार. हे पैसे काकांचेच आहेत, पण मागितल्याशिवाय कोणी घरी आणून देत नाही, रिटर्न भरलं तरच परत.

म्हणून आधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सची यादी) आणि एआयएस (व्याज वगैरे कमाईची यादी) उघडा आणि पासबुकाशी ताडून बघा. बँकेने कापलं पण तिथे दिसत नाही तर क्रेडिट अडकतं, मग पोर्टलशी नाही, बँकेशी भांडायचं, पॅन चुकीचा लागलाय का ते विचारायचं. माझ्या आईचं असंच झालं, एका बँकेने पॅनचा एक आकडा चुकवला आणि दोन महिने खेटे. घाई नको, जानेवारी ते मार्चची कपात जूनच्या मध्यापर्यंत नीट दिसायला लागते. आणि जॉइंट एफडी असेल तर कापलेलं सहसा पहिल्या नावावर दिसतं, काकू म्हणतात पैसे माझे पण क्रेडिट काकांच्या खात्यात, हा घोळ एफडी करतानाच टाळा.

रिबेट कोणाला नाही ते पण ऐका. एनआरआयला नाही, म्हणजे मुलगा अमेरिकेत आणि इथल्या फ्लॅटचं भाडं त्याच्या नावावर येतंय तर त्याला हा फायदा नाही. एचयूएफला, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने रिटर्न भरणाऱ्यांनाही नाही. शेअर विकून झालेल्या फायद्याचा टॅक्स पण रिबेटने जात नाही, पगार ८ लाख आणि शॉर्ट टर्म फायदा १ लाख असेल तर त्या लाखावर २० टक्के भरावेच लागतात, वर सेस.

बारा लाखांपेक्षा थोडं वर गेलं तर घाबरू नका. डिडक्शननंतर १२ लाख १० हजार असेल तर टॅक्स निघतो ६१,५०० पण मार्जिनल रिलीफमुळे, म्हणजे बारा लाखांच्या वर जेवढं तेवढाच टॅक्स, १० हजार आणि ४ टक्के सेस, इतकंच. जुन्या रेजीममधे हद्द ५ लाख, रिबेट १२,५००. एफडीवाल्या काकांना तिथल्या ८०टीटीबीचा, म्हणजे सिनियरच्या व्याजावरच्या सुटीचा, मोह होतो, पण हिशेब करून बघा, बहुतेकांना नवीच परवडते.

मागच्या वर्षांचं एरियर, म्हणजे थकलेली पेन्शन किंवा पगार, एकदम मिळालं असेल तर कलम ८९ ची रिलीफ आहे, मात्र रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो, नंतर भरून चालत नाही.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होतं. आणि रिफंडसाठी बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं हवं, मागच्या साली एका काकांचा रिफंड निव्वळ बंद पडलेल्या खात्यापायी लटकला होता.