गालाच्या आतल्या तुकड्यावर की-६७ कसं बघायचं

इंदूरला पोह्यावर शेव पाहिजेच, पण तोंडात लायकेन प्लॅनस (तोंडाच्या आतल्या आवरणाला सूज आणणारा आजार) असला की तीच शेव आग लावते. माझ्या मावशीच्या गालात आतून पांढऱ्या जाळीसारख्या रेघा होत्या, तेव्हापासून लॅबमधलं हे काम, म्हणजे काढलेल्या तुकड्यात की-६७ (वाढत्या पेशींच्या न्यूक्लियसमधलं, रंग देऊन दिसणारं प्रथिन) बघणं, मी जास्तच जीव लावून करते.

तर पहिलं म्हणजे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, तुकडा व्रणाच्या मधोमध घेऊ नका, तिथे वरचं आवरणच उरलेलं नसतं, कडेचा घ्या. एक भाग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, आणि इम्युनोफ्लोरोसन्सही (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी शोधायची तपासणी) करायचं असेल तर दुसरा मिशेल मीडियममध्ये (त्या तपासणीसाठी तुकडा टिकवणारं द्रावण). आमच्याकडे एकदा अख्खा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला आणि त्या बाईंना परत सुई टोचून घ्यावी लागली, फार वाईट वाटलं.

सेक्शन (तुकड्याचे पातळ काप) ३-४ मायक्रॉनचे, चार्ज्ड स्लाइडवरच (काप घट्ट धरून ठेवणारी काच), नाहीतर गरम करताना निघून येतात. गरम करायला सायट्रेट बफरचं द्रावण, पीएच ६, आटू देऊ नका. सोबत टॉन्सिलची कंट्रोल स्लाइड लावाच, तिच्यात जर्मिनल सेंटर (पेशी भराभर वाढतात तो गोल भाग) गडद तपकिरी दिसलं नाही तर पेशंटची स्लाइड वाचूच नका.

वाचताना चूक कुठे होते सांगते, आवरणाच्या खाली लिम्फोसाइटचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) दाट पट्टा असतो, त्यांचेही न्यूक्लियस रंगतात, काही तर वर चढून आवरणाच्या सगळ्यात खालच्या थरात घुसलेले असतात, ते मोजू नका, फक्त एपिथेलियमच्या, म्हणजे त्या आवरणाच्याच पेशींचे मोजा. आणि की-६७ वाढलं म्हणजे कॅन्सर नव्हे, खालच्या पेशी मरतात म्हणून नव्याही भराभर बनतात, हे घरच्यांना नीट समजावून सांगा, लोक घाबरतात हो.